सज्ञान वाचक, अज्ञान मालक

सप्टेंबर २०१८ मध्ये बॅटमॅन नागडा झाला.

फार नाही. गुहेत शिरता शिरता तो अंगावरचा पोशाख उतरवतो. अंधार आहे, सावली आहे आणि त्या सावलीत जे असायचं ते आहे. ‘बॅटमॅन: डॅम्ड’ या पुस्तकातलं एवढंसं चित्र. लेखक ब्रायन अझरेलो, चित्रकार ली बर्मेहो. डीसी कॉमिक्सच्या नव्याकोऱ्या ‘ब्लॅक लेबल’ मालेतलं हे पहिलंच पुस्तक. माला कोणासाठी? प्रौढ वाचकांसाठी.

अमेरिकेत हसू पिकलं. टीव्हीवरच्या रात्रीच्या गप्पांत विनोद झाले. कंपनीने काय करावं? डिजिटल आवृत्तीत तेवढा भाग काळा करून टाकला आणि पुढच्या छपाईतही काळाच ठेवायचं ठरवलं. मोठ्यांसाठी पुस्तक काढायचं आणि मोठ्यांनी ते बघितलं की आपणच लाजायचं!

पहिल्या छपाईच्या प्रती मग चढ्या भावाने विकल्या गेल्या. झाकण्याचा खर्च कंपनीचा, नफा रद्दीवाल्याचा.

एकट्या बॅटमॅनची गंमत असती तर सोडून दिली असती. पण ह्याच कंपनीच्या पोटात खास प्रौढांसाठीचं दुसरं एक प्रकाशन होतं. धंद्याच्या भाषेत इम्प्रिंट. नाव व्हर्टिगो. जन्म १९९३, मरणाची घोषणा २०१९, पुनर्जन्माची २०२४. ती सगळी कुंडली मांडून बसलं की एक गोष्ट लख्ख दिसते. वाचक केव्हाच सज्ञान झाला होता. राहिला होता तो मालक.

जरा मागे जाऊ. १९५४.

डॉ. फ्रेडरिक वर्थॅम नावाचे मानसोपचारतज्ज्ञ. कॉमिक वाचून पोरं गुन्हेगार होतात असं त्यांनी पुस्तक लिहून जाहीर केलं. ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’. सिनेटची उपसमिती बसली. भयकथा छापणारे विल्यम गेन्स स्वतःहून साक्षीला गेले. त्यांच्यासमोर त्यांचंच एक मुखपृष्ठ धरण्यात आलं. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं कापलेलं मुंडकं. हे अभिरुचीला धरून आहे का? गेन्स म्हणाले, भयकथेच्या मानाने आहे. मुंडकं आणखी वर धरून रक्त ठिबकताना दाखवलं असतं तर नसतं.

प्रामाणिक उत्तर होतं. म्हणूनच महागात पडलं.

वर्थॅम दुष्ट होते असं नाही हं. हार्लेममधल्या गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी दवाखाना चालवला. शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धच्या न्यायालयीन लढाईत त्यांचं काम उपयोगी पडलं. फक्त कॉमिकचा विषय आला की त्यांनी पुरावे वाकवले. त्यांचे कागद खुले झाल्यावर कॅरल टिली या अभ्यासिकेने २०१२ साली ते उघड केलं. मुलांची वयं फिरवलेली, एकाचं बोलणं दुसऱ्याला चिकटवलेलं. तोवर दोन पिढ्या सात्त्विक कॉमिक वाचून म्हाताऱ्या झाल्या होत्या.

सरकारने बंदी घातली का? नाही. तशी वेळच आली नाही. प्रकाशकांनी स्वतःहून हात पुढे केले आणि स्वतःच बेडी घातली. तिचं नाव कॉमिक्स कोड. व्हॅम्पायर नकोत, झाँबी नकोत, लांडगामानव नको. शीर्षकात ‘हॉरर’ नको. शेवटी सत्याचाच विजय हवा. आणि पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर वाटेल असं काही म्हणजे काही नको.

हे शेवटचं कलम वाचून आपल्याकडच्या कैक गृहमंत्र्यांचे डोळे पाणावले असते.

या संहितेचा कारभार कसा चाले? एका भयकथेत निवेदक म्हणतो, ही गोष्ट मला एका भटक्या वुल्फमनने सांगितली. तपासनीसांनी लाल रेघ मारली. लांडगामानवाला बंदी आहे. डीसीवाले म्हणाले, अहो, लेखकाचं आडनावच वुल्फमन आहे! मार्व्ह वुल्फमन. अस्सं? मग तसं नाव छापा. छापलं. लेखकाचं नाव गोष्टीवर घालायची तिथे तेव्हा सर्रास रीत नव्हती. वुल्फमनला ते भाग्य आडनावामुळे लाभलं.

हे आडनाव लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

१९८४. नॉर्थॅम्प्टनचा एक दाढीवाला इंग्रज, अ‍ॅलन मूर, डीसीची मरायला टेकलेली ‘स्वॅम्प थिंग’ लिहू लागला. दलदलीतला, झाडपाल्याने मढलेला राक्षस. हा राक्षस झालेला माणूस आहे अशी सगळ्यांची समजूत. मूरने दुसऱ्याच अंकात ती मोडली. हा माणूस कधी नव्हताच. आपण माणूस आहोत असा ग्रह झालेली ती एक वनस्पती आहे.

असे दोन-चार जण आपल्याही ओळखीत असतात. त्यांच्यावर कोणी मालिका काढत नाही, एवढंच.

या मालिकेचा २९ वा अंक संहितेने नाकारला. कंपनीने तो संहितेच्या शिक्क्याविना छापला. मग? आभाळ कोसळलं? पोरं कुऱ्हाडी घेऊन रस्त्यावर आली? अंक विकला गेला, लोकांनी वाचला, पुढच्या महिन्यात पुढचा मागितला. तीस वर्षं ज्याला सगळे दबून होते तो बुवा इतका किरकोळ निघाला. थोड्याच दिवसांत ‘स्वॅम्प थिंग’वरचा शिक्का कायमचा गेला.

आता शिक्का गेला म्हणजे सुटलो असं तुम्हाला वाटेल. कंपनीला तसं वाटलं नाही. शिक्का नाही तर निदान एखादी पट्टी तरी हवीच ना! १९८६-८७ च्या सुमारास डीसीने आपल्या पुस्तकांची प्रतवारी करायची टूम काढली. कोणतं सगळ्यांचं, कोणतं प्रौढांचं. मूर भडकला. फ्रँक मिलर, हॉवर्ड चेकिन भडकले. आणि मार्व्ह वुल्फमन भडकला. तोच तो. संहितेच्या तावडीतून आडनावाच्या जोरावर सुटलेला हा गृहस्थ प्रतवारीविरुद्ध उघड बोलला आणि संपादकाच्या खुर्चीवरून उठवला गेला.

मूरने कंपनीच सोडली. पैशांची आणि हक्कांची भांडणं होतीच, त्यात ही भर. आणि मुखपृष्ठावर ओळ आली. ‘प्रौढ वाचकांसाठी सुचवलेले.’

गंमत बघा. ज्या मूरच्या कामामुळे ही ओळ लिहिण्याची वेळ आली, तो या ओळीच्या भांडणात घराबाहेर पडला. आणि मग कंपनीने त्याच ओळीवर नवं घर बांधलं.

घर बांधणाऱ्या बाईंचं नाव कॅरन बर्गर. ब्रुकलिन कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकून १९७९ साली त्या डीसीत सहायक म्हणून लागल्या. लहानपणापासून कॉमिकचं वेड? छे. अजिबात नाही. हीच तर मेख. कॉमिकवेडे कॉमिक कंपनीत शिरतात आणि जन्मभर आपल्या दहाव्या वर्षाची आरती ओवाळत बसतात. बर्गरबाईंकडे ओवाळायला काही नव्हतं. त्यांनी सरळ चांगले लेखक शोधले.

ते सापडले इंग्लंडात. १९८७ साली बाई तिकडे जाऊन आल्या. नील गायमन, ग्रँट मॉरिसन, पीटर मिलिगन, जेमी डेलानो, चित्रकार डेव्ह मॅकीन. थॅचरबाईंच्या राज्यात वैतागलेली ही पोरं. वैताग निर्यात करण्याइतका मुबलक होता, आणि अमेरिकेला तो मालही तिकडूनच मागवावा लागला.

जानेवारी १९९३ मध्ये व्हर्टिगोची पाटी लागली. दुकान नवं, बराचसा माल जुना. ‘सँडमन’, ‘हेलब्लेझर’, ‘स्वॅम्प थिंग’, ‘अ‍ॅनिमल मॅन’, ‘डूम पेट्रोल’, ‘शेड’ या चालू मालिकाच एका छपराखाली आणल्या. सगळ्यांचं समान लक्षण काय? बर्गरबाई. दुसरं काही नाही.

नव्या मालातलं पहिलं पुस्तक मृत्यूवर. शुभारंभालाच मृत्यू! तोही काळ्या कपड्यांतली, हसतमुख, गोड स्वभावाची तरुणी. तिला घेऊन गायमन आणि मॅकीन यांनी सहा पानांची एक पुरवणीही केली. एड्सविषयी. त्यात ही मृत्युदेवी निरोध कसा वापरायचा ते केळ्यावर समजावून सांगते. केळं धरून ओशाळवाणा उभा कोण? जॉन कॉन्स्टंटाइन. सैतानाला बोटावर नाचवणारा मांत्रिक.

साक्षात मृत्यू जगण्याच्या टिपा देतोय आणि सैतानाशी भिडणारा केळ्यापुढे लाजतोय. सरकारी आरोग्य खात्यांना हे सुचायला किती समित्या लागल्या असत्या?

त्याच वर्षीची मिलिगनची ‘एनिग्मा’. एका साध्यासुध्या माणसाला लहानपणीच्या कॉमिकमधला नायक खराखुरा भेटतो आणि त्याच्या प्रेमात पडता पडता आपण पुरुषावर प्रेम करणारे आहोत हे त्याला कळतं. १९९३ साली हे धाडसच. पण ही मालिका मुळात निघणार होती कुठून? डिस्नेकडून! मिकी माऊसच्या घरातही प्रौढांसाठी एक खोली काढायचं चाललं होतं. ती बांधण्याआधीच पडली आणि माल व्हर्टिगोला मिळाला.

मिकी थोडक्यात वाचला. की हुकला?

पुढची दहा-पंधरा वर्षं भरभराटीची, म्हणून झटपट. ‘प्रीचर’ ६६ अंक. ‘१०० बुलेट्स’ नावाला जागून बरोबर १०० अंक. ‘वाय: द लास्ट मॅन’ ६० अंक, जगातले सगळे नर मेलेत आणि एक तरुण आणि त्याचं माकड उरलंय. ‘फेबल्स’ १५० अंक, परीकथेतली पात्रं निर्वासित होऊन न्यूयॉर्कात राहताहेत. ‘सँडमन’ ७५ अंकांत संपली. नीट ऐका. खपत असताना संपली. सुपरमॅनला १९३८ पासून निवृत्ती मिळालेली नाही, आणि इथे एका लेखकाने सांगितलं, गोष्ट झाली, आणि संपादकाने ऐकलं.

मराठी मालिका निर्मात्यांनी हा परिच्छेद वगळला तरी चालेल.

‘सँडमन’च्या एका अंकाला १९९१ साली वर्ल्ड फँटसी अवॉर्ड मिळालं. लघुकथेचं. गद्य लेखकांच्या पंगतीत बसून. आता तिथे कॉमिकची सोय वेगळ्या विभागात केली जाते. पाहुणा एकदा पंगतीत बसला ते बसला, पुढच्या वेळी त्याचं पान ओसरीवर.

गायमनचं नाव घेतलं की हल्ली घास अडकतो. २०२४ पासून अनेक स्त्रियांनी त्यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले आहेत. त्यांनी ते नाकारले आहेत. पुस्तकावरची पट्टी पुस्तकापुरती असते, लेखकाच्या वागण्याची हमी ती कधीच देत नव्हती.

आता मालकाकडे वळू. प्रौढांसाठी छापणारा हा मालक किती प्रौढ?

पहिला प्रसंग व्हर्टिगोची पाटी लागण्याआधीचा, पण घर तेच. १९८९. ‘स्वॅम्प थिंग’ तेव्हा रिक व्हाइच लिहीत होता. राक्षस काळात मागे मागे जातो आणि क्रूसावर जाणाऱ्या येशूपर्यंत पोहोचतो. कथा मंजूर झालेली, चित्रं काढायला घेतलेली. आदल्याच वर्षी स्कॉर्सेसीच्या येशूवरच्या चित्रपटावरून दंगा उसळला होता. वरच्या मजल्यावर धाबं दणाणलं. अंक रद्द. व्हाइचने राजीनामा दिला. त्याच्या जागी येणार होते गायमन आणि डेलानो. त्यांनीही नकार कळवला.

आणि अंकावर काय छापलेलं असायचं? प्रौढ वाचकांसाठी.

दुसरा प्रसंग १९९९. वॉरन एलिसने ‘हेलब्लेझर’साठी शाळेतल्या गोळीबारावर कथा लिहिली. ती छापून होण्याआधी कोलंबाइन शाळेत खरोखरच गोळीबार झाला. कंपनी म्हणाली, बदल करा. एलिस म्हणाला, करत नाही. कथा पेटीत गेली, एलिस मालिका सोडून गेला. ती कथा छापली गेली २०१० मध्ये. तोवर अमेरिकेतल्या शाळांतले गोळीबार थांबले होते का? थांबली होती फक्त कथा.

तिसरा प्रसंग तर इतका नेमका की बनवून सांगितल्यासारखा वाटेल. २०१९. पुन्हा व्हर्टिगो, पुन्हा येशू. मार्क रसेल आणि रिचर्ड पेस यांची ‘सेकंड कमिंग’. देव येशूला पृथ्वीवर परत पाठवतो आणि एका सुपरहिरोच्या घरी बिऱ्हाडाला ठेवतो. जरा शिक त्याच्याकडून, म्हणून. येशू बघतो तर हा वीर प्रत्येक प्रश्न ठोसा मारून सोडवतो. कथेचा कल उघड येशूच्या बाजूचा. पण विरोधात ऑनलाइन अर्ज फिरला, दोन लाखांवर सह्या पडल्या. किती जणांनी वाचली होती? एकानेही नाही, कारण ती अजून निघालीच नव्हती! लेखकाने हक्क परत मागितले, कंपनीने विनाविलंब दिले. दुसऱ्या एका छोट्या प्रकाशकाने त्याच वर्षी ती काढली.

न वाचता भावना दुखावण्याची कला फक्त आपल्याकडेच आहे हा गर्व आता सोडायला हरकत नाही.

आणि या दोन येशूंच्या मध्ये काय झालं होतं माहीत आहे? ‘प्रीचर’. देवाला जाब विचारायला निघालेला, शिव्या घालणारा, दारू पिणारा पाद्री. त्यात येशूचा वंशज म्हणून जो दाखवलाय त्याचं वर्णन इथे छापण्यासारखं नाही. ती पाच वर्षं बिनबोभाट चालली. मग अश्लील काय, पवित्र काय, याचा निकष कोणता? कोणताच नाही. निकष एकच, त्या दिवशी फोन किती वाजले.

आपल्याकडे चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना सोडलं. निदान तिथे न्यायमूर्तींनी कथा वाचली होती.

‘व्ही फॉर व्हेंडेटा’चा किस्सा निराळा. मूर आणि डेव्हिड लॉइड यांची ही गोष्ट मूळची ब्रिटिश मासिकातली. डीसीने ती पुरी केली, पुढे व्हर्टिगोच्या नावाने पुस्तक निघत राहिलं. करार असा की पुस्तक छपाईतून बाहेर गेलं की हक्क लेखकाकडे परत. कंपनीने ते बाहेर जाऊच दिलं नाही. चित्रपट आला तेव्हा मूरने श्रेयनामावलीत आपलं नावही घालू दिलं नाही. त्या गोष्टीतला हसरा, पांढरा मुखवटा मात्र जगभर गेला. वॉल स्ट्रीटविरुद्ध आंदोलन, तोच मुखवटा. जून २०१२ मध्ये इंटरनेटवरच्या बंदीविरुद्ध मुंबईत आझाद मैदानावर पोरं जमली, तोच मुखवटा.

आणि प्रत्येक अधिकृत मुखवट्यामागे थोडे पैसे कोणाला? चित्रपट काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सच्या मालकांना. भांडवलशाहीविरुद्ध घोषणा देण्यासाठी भांडवलदाराला रॉयल्टी!

मुंबईतले मुखवटे बहुधा नकली असावेत. तेवढीच काय ती खरी बंडखोरी.

पण या सगळ्यात माझं सर्वांत दुखणारं प्रकरण येशूचं नाही, मुखवट्याचं नाही. कॉन्स्टंटाइनचं आहे. हो, तोच केळेवाला.

सुपरहिरोंचं वय वाढत नाही. बॅटमॅन १९३९ पासून तिशी-पस्तिशीतच. कॉन्स्टंटाइनचं वाढायचं. जन्म १९५३, लिव्हरपूल. वाचकाबरोबर एकेक वर्षाने तो म्हातारा होत गेला. चाळिसावा वाढदिवस अंकात साजरा झाला. सिगारेटींनी फुप्फुसाचा कर्करोग झाला. मित्र मेले, लग्न झालं, केस पिकले. तीनशे अंक, पंचवीस वर्षं. कॉमिकच्या जगात वय झालेला माणूस कसा दिसतो ते दाखवणारं याच्याइतकं दुसरं पात्र मला तरी ठाऊक नाही.

२०१३ साली मालिका बंद केली. गृहस्थ साठीला टेकलेला. साठीशांत करायची की नाही? कंपनीने त्याला पुन्हा तरुण केलं आणि झगेवाल्या सुपरहिरोंच्या गर्दीत नेऊन उभं केलं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बर्गरबाई कंपनी सोडून गेल्या.

कॉन्स्टंटाइन टीव्हीवर गेला तेव्हा तर त्याला धड सिगारेटही ओढता येईना. राष्ट्रीय वाहिनी आहे, पोरं बघतात! ज्याचा कर्करोग वाचकांनी पानापानांतून सोसला, त्याने पेटवण्याआधी विझवायची.

बाई गेल्यानंतरची सहा वर्षं म्हणजे व्हर्टिगोचं आजारपण. चांगली पुस्तकं येत होती, पण लेखक दुसऱ्या दारी निघाले होते. १९९२ साली निघालेली इमेज कॉमिक्स लेखक-चित्रकारांना सांगत होती, पात्रं तुमची, हक्क तुमचे. ‘वाय: द लास्ट मॅन’चा लेखक ब्रायन के. व्हॉन याने पुढची मोठी मालिका ‘सागा’ २०१२ साली कुठे काढली? इमेजमध्ये. मुलं सज्ञान झाली, वेगळी निघाली. यात नवल ते काय?

२०१८ मध्ये पंचविशीचा सोहळा करून व्हर्टिगो नव्याने सजवलं. २०१९ च्या जूनमध्ये बंद केल्याची घोषणा. ज्या वर्षी हार घातला त्याच्या पुढच्याच वर्षी फोटोला.

आणि हे कधी? पडद्यावर व्हर्टिगोची चलती असताना! ‘प्रीचर’ टीव्हीवर, ‘लुसिफर’ टीव्हीवर, ‘आयझाँबी’ टीव्हीवर. ‘सँडमन’ आणि ‘स्वीट टूथ’ पाठोपाठ नेटफ्लिक्सवर आले. गोष्टी सगळ्यांना हव्या होत्या, गोष्टी जन्माला घालणारी खोली तेवढी नको होती. कोंबडी कापून अंड्यांचा व्यापार.

व्हर्टिगोच्या जागी काय आलं? आकडे. आठ ते बारा वर्षं, डीसी किड्स. तेरापासून पुढे, डीसी. सतरापासून पुढे, डीसी ब्लॅक लेबल.

महाराष्ट्रात ब्लॅक लेबल म्हटलं की पंचवीस पूर्ण लागतात, त्यांच्याकडे सतरात भागतं. नाव ठेवणाऱ्याने चव घेतली असावी, अर्थ घेतलेला नाही.

प्रश्न असा आहे की ‘सँडमन’ हाती घेणाऱ्या वाचकाने पंचवीस वर्षं पाठीवरचं वय कधी बघितलं होतं? तो बघायचा तळाशी संपादकाचं नाव. बर्गर म्हणजे काहीतरी वेगळं असणार, इतका साधा हिशेब. वाचक अमुक वयाचा आहे म्हणून व्हर्टिगो चाललं नाही. त्याला अक्कल आहे असं कोणीतरी धरून चाललं, म्हणून चाललं. सतरा हा आकडा लिहायला अक्कल धरावी लागत नाही, कॅलेंडर पुरतं.

बाकी ते जुनं कॉमिक्स कोड? त्याचं काय झालं विचाराल तर, मार्व्हलने २००१ मध्ये सोडलं, डीसीने २०११ मध्ये. शेवटी तो शिक्का कोणाच्या मालकीचा झाला? कॉमिकवाल्यांवर खटले झाले की त्यांच्या बाजूने लढणाऱ्या संस्थेच्या. चोरांच्या वकिलाकडे पोलिसाची शिट्टी. हा एक शेवट मात्र नियतीने कोणत्याही लेखकापेक्षा बरा लिहिला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉमिक मेळ्यात डीसीने व्हर्टिगो परत येत असल्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मीही मनातल्या मनात वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

पण त्याच्या वर्षभर आधीची एक बातमी टाळ्यांच्या आवाजात बुडू नये. ‘फेबल्स’चा लेखक बिल विलिंगहॅम याने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की कंपनी करार पाळत नाही, कोर्टात लढायला माझ्याकडे पैसा नाही, तेव्हा ही पात्रं मी जनतेला देऊन टाकतो. घ्या, सगळ्यांची. डीसीने उलट कळवलं, मालक आम्ही आहोत, कोणी हात लावला तर कारवाई करू. १५० अंक लिहिणारा माणूस एक वाक्य बोलला आणि कंपनीला वकील आठवले.

तेव्हा नवं व्हर्टिगो कुठे दुकानात दिसलं तर मुखपृष्ठावर भाळू नका, वयाची पट्टीही वाचू नका. आतलं पहिलं पान उघडा. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत कॉपीराइटची ओळ असते. चष्मा लावून ती वाचा. लेखक-चित्रकाराचं नाव असेल तर पैसे टाका. नसेल तर वाचनालयातून आणा.